डब्यातल्या कोयनेलचा खुलासा

सांगली,
रविवार, ता. २४ सप्टेंबर १९४४

तीर्थस्वरूप अक्का यांच्या चरणी,

भूपालचा वाकून जयजिनेंद्र. तुमचा गुडघा आता माळवदावर चढू देतो की नाही ते कळवावे. मागच्या खेपेला पाठवलेले तेल संपले असल्यास रिकामी बाटली कुणाबरोबर तरी पाठवा, भरून देतो. (बूच टाकू नका. लढाईमुळे बाटल्या मिळतात पण बुचे मिळत नाहीत, आणि कागदाचा बोळा लावून दिलेले औषध कडेगावपर्यंत जाताना निम्मे पिशवीच पिते.) अण्णांचा खोकला थांबला असेल. थांबला नसेल तर त्यांनी तंबाखू थांबवली नसेल, हे मी इथून सांगू शकतो. उसाला पाणी वेळेवर मिळते आहे असे ऐकून बरे वाटले.

तुमचे कार्ड गुरुवारी पोचले. कार्ड उघडे असल्यामुळे ते माझ्या आधी पोस्टमनने वाचले, आणि त्याने ते शेजारच्या मनुबाईंना वाचून दाखवले, कारण मी दवाखान्यात होतो आणि मजकूर तातडीचा आहे असे त्याचे मत पडले. त्यामुळे मी घरी आलो तेव्हा, मी माझ्या मुलांना औषध चारले आणि म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही येऊन दोघांना कायमचे कडेगावला नेणार आहात, चंदनबालेची शाळाही आता पुरे झाली, हे सगळे मला मनुबाईंकडून दारातच कळले. तुमच्या गावचा अर्जुना गूळ घेऊन पेठेत आला होता, त्याने तुम्हाला ही बातमी दिली असे दिसते. अर्जुना सज्जन माणूस आहे. पण त्याने ऐकले ते अर्धे आणि सांगितले ते दीड. पूर्ण हकीकत मीच लिहावी हे बरे. मला लांब पत्र लिहिण्याची सवय नाही हे तुम्ही जाणता. गुणमाला असताना तुम्हाला पत्र तीच लिहीत असे आणि मी खाली सही करीत असे.

ती गेल्याला सात महिने झाले. पहिला महिना तुम्हीच इथे होता, तेव्हा डब्याचा प्रश्न आला नाही. तुम्ही परत गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आले, की मुले अकराला शाळेत जातात ती पाच वाजता येतात, आणि मधल्या सुट्टीत त्यांनी खायचे ते मलाच करायचे आहे. भाकरी मला येत नव्हती. मनुबाई मराठ्यांच्या, त्यांच्या घरी आपल्याला चालत नाही ते शिजते, म्हणून त्या माझ्या स्वयंपाकघरात आपण होऊन पाऊल ठेवीत नाहीत (मी कधी नको म्हटलेले नाही, पण गुणमालेचा सोवळेपणा त्या माझ्यापेक्षा जास्त पाळतात). त्यांनी उंबऱ्याबाहेर पाट मांडला आणि तिथून मला भाकरी शिकवली. म्हणजे हात माझे आणि तोंड त्यांचे. मी पीठ वजनाने घेत होतो आणि पाणी औषध मोजायच्या पेल्याने. पहिल्या दिवशी ते बघून त्या म्हणाल्या, "आवं कंपौंडर, भाकरी हाय ती, मलमपट्टी न्हवं. जरा जोरानं हाना की." मी जोराने हाणली. ती परातीबाहेर गेली. पंधरा दिवसांनी गोल झाली आणि महिन्याने फुगली. त्या दिवशी मनुबाईंनी उंबऱ्याबाहेरूनच तिला हात जोडले.

भाकरी जमली म्हणजे डबा जमला असे मला वाटले होते. तसे नसते. लहान मुलाला गूळ-तूप लावून गुंडाळी दिली की झाले. पण चंदनबाला पंधरा वर्षांची, इंग्रजी पाचवीत आणि बाळगोंडा तेरा वर्षांचा. या वयाच्या मुलांना काय आवडते हे त्यांना विचारून कळत नाही, कारण विचारले की ती "काहीही चालेल" म्हणतात आणि काहीही दिले की चालत नाही. तुमची आई काय देत असे, असे मी एकदाच विचारले. दोघेही ताटाकडे बघू लागली. पुन्हा विचारले नाही. त्यात आपल्यात कांदा, लसूण, बटाटा, रताळे चालत नाही, चातुर्मासात पालेभाजीही नाही, म्हणजे डब्यात घालण्यासारखे निम्मे जग आधीच संपलेले. उरलेल्या निम्म्यातून मी रोज एक पदार्थ बदलून परिणाम बघत गेलो, जसे डॉक्टर मिक्श्चर बदलून बघतात. बाळगोंडाचा डबा रोज रिकामा येई. चंदनबालेचा डबा रोज भरलेला येई. तीच भाकरी, तीच मटकी, आणि दोन रोग्यांना दोन गुण. मला काही उलगडेना.

मी आमच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, वाढते वय आहे, दूध द्या. दूध न्यायला घरात झाकणाचे भांडे नव्हते, म्हणून मी दवाखान्यातल्या दोन नव्या बाटल्या उकळून घेतल्या, दूध भरले आणि बूच मारले. आता हात सवयीने चालतात, अक्का. औषधाच्या बाटलीवर किती घोट घ्यायचे ते दाखवायला आम्ही कागदाची कातरलेली पट्टी चिकटवतो, ती मी दोन्ही बाटल्यांवर चिकटवली. सहा डोस. चंदनबालेने बाटली हातातसुद्धा घेतली नाही, नुसती माझ्याकडे बघून निघून गेली. बाळगोंडाने नेली. मधल्या सुट्टीत तो खुणेबरहुकूम एक-एक डोस दूध पिताना त्याच्या मास्तरांनी पाहिला आणि न बोलता त्याला कवायतीतून सूट दिली. तीन दिवस मुलगा सावलीत बसून होता. (त्याने खुलासा का केला नाही असे मी विचारले, तर म्हणाला, मास्तरांनी विचारलेच नाही.) चौथ्या दिवशी मास्तर मला रस्त्यात भेटले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "धीर सोडू नका, या वयात छातीचे दुखणे बरे होते." मी धीर सोडणार नाही असे सांगून पुढे गेलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, तिथे दूध आहे असे सांगणे मला जमले नाही. बाटली मात्र बंद केली.

आता मुख्य गोष्ट. डब्यातले ओले कालवण सांडून चंदनबालेच्या भूमितीच्या वहीवर गेले, तेव्हा मी कोरडी चटणी द्यायचे ठरवले. जवस आणि कारळे भाजून, मीठ, तिखट, हिंग आणि चिंचेचा कोळ वाळवून घालून मी खलात चटणी कुटली. खल मला चांगला चालवता येतो. चटणी मनुबाईंनासुद्धा आवडली. ती न सांडता न्यायची तर पुडी हवी, आणि पुडी बांधणे हे एकच काम मला या जगात कुणापेक्षाही चांगले येते. माझी पुडी घोड्यावरून पडली तरी उघडत नाही. पुडीचे कागद दवाखान्यात कापलेले असतात, म्हणून मी चटणी तिकडे नेली आणि १२ तारखेच्या मंगळवारी दुपारी रोगी नसताना माझ्याच टेबलावर सहा पुड्या बांधून दोऱ्याने त्यांचे जुडगे केले. शेजारी हिवतापावरच्या कडू कोयनेलच्या सहा पुड्यांचे जुडगे होते, ते शालूबाईंचे. शालूबाई म्हणजे पेठेत हळद निवडायला येणारी म्हातारी, आठ दिवस हिवतापाने आजारी. कोयनेलची पुडी हलकी असते, माझ्या हाताला कळायला हवे होते. पंधरा वर्षांत असे झाले नव्हते. त्या दिवशी माझे मन कुठे होते ते लिहीत नाही.

बुधवारी दुपारी दीडच्या सुमारास शालूबाई दवाखान्यात आल्या. आदल्या दिवशी त्यांना मुलाने धरून आणले होते. आज एकट्या चालत आल्या, पायरीवर बसल्या आणि सगळ्या रोग्यांदेखत म्हणाल्या, "भूपालबापू, लय गुणाचं औषीद दिलासा. आठ दिस तोंडाला चव न्हवती ती आली बगा. पर नुसतं पान्यासंगं घेताना लय ठसका लागतुया. भाकरीसंगं घेतलं तर चालंल न्हवं?" डॉक्टर आतून बाहेर आले. त्यांनी शालूबाईंच्या हातातली पुडी उघडली, बोटाला लावून चाखली, पुन्हा चाखली आणि माझ्याकडे बघितले. शालूबाईंच्या पोटात माझी चटणी असेल तर त्यांचे कोयनेल सकाळी माझ्या हातून दोन डब्यांत गेले आहे आणि मधली सुट्टी दोन वाजता होते, एवढे एकच मला दिसत होते. टोपी खुंटीवर राहिली. पेठेतून मुलींच्या शाळेपर्यंत मी धावत गेलो. मी धावताना आजवर मला कुणी पाहिलेले नाही, त्यामुळे वाटेतल्या चार-पाच लोकांनी कुठे आग लागली ते विचारले आणि दोघे काही न विचारता माझ्यामागे धावू लागले. अर्जुनाची गाडी तेव्हा पेठेतच उभी होती. तुमच्यापर्यंत बातमी पोचली ती इथून निघालेली.

मुलींच्या शाळेत मी पूर्वी एकदाही आत गेलो नव्हतो. चिंचेखाली सात मुली गोल करून बसल्या होत्या. मी लांबूनच, "थुंका! थुंका सगळ्या!" असे ओरडलो. हे माझेच ओरडणे आहे हे मला नंतर कळले. पण त्या आधीच थुंकत होत्या. चंदनबालेने पुडी उघडून सगळ्यांना चिमूट-चिमूट वाटली होती आणि सातही चेहरे कारल्यासारखे झाले होते. माझ्यामागे धावत आलेले दोघे आग शोधत होते. मी उघड्या डोक्याने तिथे उभा राहिलो आणि खुलासा करायला तोंड उघडले, तर दम लागल्यामुळे शब्द निघेना. मला वाटले, आता ही मुलगी माझ्याशी जन्मात बोलणार नाही. तिने माझ्याकडे बघितले, पुडीकडे बघितले आणि म्हणाली, "आप्पा, आज कुणाचा आजार आम्हाला दिलात?" आणि ती हसली. अक्का, फाल्गुनानंतर मी तिचे दात पाहिले ते त्या दिवशी. मग सगळ्याच हसू लागल्या. त्यातली लीला नावाची एक मुलगी तर जमिनीवर बसून हसत होती. ती बरी आहे, मी दुसऱ्या दिवशी चौकशी केली.

तिथून मी मुलांच्या शाळेत गेलो, पण घंटा होऊन गेली होती आणि बाळगोंडा वर्गात बसला होता. डबा रिकामा. मी संध्याकाळपर्यंत थांबलो. घरी येताना त्याला विचारले, आज चटणी कशी होती? म्हणाला, चांगली होती. मी विचारले, कडू नव्हती? तो थोडा वेळ चालला आणि म्हणाला, "होती जरा. मला वाटलं, तुमची आजची तशीच झाली असेल." त्याने दोन्ही पुड्या भाकरीला लावून संपवल्या होत्या. त्याचे कान वाजत होते तेसुद्धा त्याने मी विचारल्यावरच सांगितले. डॉक्टरांनी तपासले, मात्रा मोठी नव्हती, सकाळपर्यंत कान थांबले. डॉक्टर म्हणाले, या हंगामात याला हिवताप येत नाही. तेव्हा तुम्ही कार्डात लिहिले ते खरे आहे, अक्का. मी मुलाला औषध चारले. आणि इतके महिने त्याचा डबा रिकामा येत होता म्हणून मी मनात खूश होत होतो, त्या भाकऱ्या आणि त्या मटक्या कशा झाल्या असतील याचा मी आता पुन्हा विचार करतो आहे.

चंदनबालेचा डबा भरलेला का येई, तेही त्या रात्री जेवणानंतर कळले (जेवण आम्ही दिवस असतानाच उरकतो, तो नेम मोडलेला नाही). तिची आई गेल्यापासून सगळ्या मैत्रिणी आपल्या डब्यातला चांगला घास उचलून हिच्या डब्यात ठेवायच्या आणि ही जेवेपर्यंत गप्प बसायच्या. कुणी भांडायचे नाही, कुणी हिच्या डब्यातले ओढून घ्यायचे नाही. हिला तो घास गिळत नसे, म्हणून ही डबा उघडतच नसे. कोयनेल चाखल्यापासून ते सगळे संपले. दुसऱ्या दिवशी मुलींनी हिच्या डब्यावर धाड घातली, की आज काय आणलेस दाखव. मी चटणीच दिली होती, नीट चाखून. ती दोन मिनिटांत संपली. आता ती मला रोज सात पुड्या बांधायला लावते आणि प्रत्येकीवर नाव आणि मात्रा लिहून हवी असते. "लीला. एक पुडी, भाकरीबरोबर. घेताना हसू नये." असे मला लिहावे लागते. काल एका पुडीवर मी "गणिताच्या तासाआधी" असे आपल्याच मनाने लिहिले, तेही पसंत पडले. बाळगोंडाला नावे नकोत, त्याला पुड्या जास्त हव्यात, कारण तो त्या देऊन दुसऱ्यांच्या डब्यातली धपाटी मिळवतो. (कांदा-लसूण नाही ना, हे तो आधी विचारतो असे म्हणतो. मी विश्वास ठेवतो.) म्हणजे या वयाच्या मुलांच्या डब्यात त्यांना पुरेल एवढे देऊन भागत नाही, वाटायलाही द्यावे लागते. हे मला आधी कुणी सांगितले असते तर दूध वाचले असते.

शालूबाईंना मी त्याच संध्याकाळी घरी जाऊन खरे कोयनेल दिले. त्यांनी एक पुडी घेतली आणि म्हणाल्या, "ह्ये न्हवं बापू. कालचं द्या." मी दोन्ही दिले. डॉक्टर मला रागावतील असे वाटले होते. त्यांनी एवढेच सांगितले, की यापुढे चटणी दवाखान्यात बांधायची नाही, आणि बांधलीच तर एक पुडी त्यांच्या टेबलावर ठेवायची.

हा सगळा प्रकार आहे तसा लिहिला. काही लपवलेले नाही. तुम्ही गुणमालेच्या थोरल्या बहीण, मुलांना आईच्या जागी. तुमच्याकडे दूधदुभते आहे, चार माणसे आहेत, मुले तिथे सुखात राहतील हे मला मान्य आहे. माझ्याकडून चूक झाली ती झाली. पुढचे तुम्ही आणि अण्णा जे ठरवाल ते मला मान्य राहील. मोठ्यांना जयजिनेंद्र, धाकट्यांना आशीर्वाद.

आपला,
भूपाल मगदूम

ता. क. — येताना शेतातले जवस दोन पायली आणि कारळे जमेल तेवढे आणावे. इकडच्या बाजारात मिळतात त्यांत माती असते आणि मुलींच्या दाताखाली येते अशी तक्रार आहे.

आणखी एक. बाळगोंडा शेजारी बसून अभ्यास करतो आहे. तो म्हणतो, मावशीला लिहा की ते मुळीच कडू नव्हते. हे खोटे आहे, पण त्याने सांगितले म्हणून लिहिले.

आणखी. पाकीट चिकटवले होते ते परत उघडले. वर ‘तुम्ही जे ठरवाल ते मान्य’ असे लिहिले आहे, ते मान्य नाही. मुलांना नेऊ नका. चंदनबालेला मॅट्रिक होऊ द्या. तुम्ही दिवाळीत जरूर या, चार दिवस राहा, माझ्या भाकरीला नावे ठेवा, मला सगळ्यांदेखत बोला, पण जाताना एकट्याच जा. हे मला तुमच्यासमोर म्हणता येणार नाही. तुम्ही समोर उभ्या राहून काही सांगितले की मी मान खाली घालून ‘बरं’ म्हणतो, हे लग्नापासून तुम्ही पाहताच आहात. तेव्हा दिवाळीत तुम्ही विचाराल आणि मी बरं म्हणेन, त्या वेळी हे पत्र काढून वाचावे आणि मी नाही म्हणालो असे समजावे.